गप्प बसणारं पाखरू

माझं उजवं मनगट मोडलं, त्याबद्दल मी देवाची आभारी आहे. असं म्हटलं की माझी मुलगी ऋतुजा कपाळावर हात मारून घेते आणि म्हणते, "आई, चारचौघांत असं बोलू नकोस, डोक्यावर आपटलीस असं वाटेल लोकांना." वाटू दे. आधी सगळं ऐका आणि मग काय वाटायचं ते वाटून घ्या.

आमचे हे म्हणजे दिगंबर भोईटे. फलटणच्या शाळेत तीसेक वर्षं पी.टी.चे शिक्षक होते. गावात त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही. सगळे 'सर' म्हणतात, आणि लोकांसमोर मीही सरच म्हणते. आवाज असा खणखणीत, की यांनी ग्राउंडवर 'सावधान!' म्हटलं की पलीकडच्या रस्त्यावरचा सायकलवाला पाय टेकायचा. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तो आवाज गेला. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, "शब्द आत शाबूत आहेत, काकू. बाहेर यायचा रस्ता तेवढा खचलाय." त्या खचलेल्या रस्त्यानं एकच शब्द कसाबसा बाहेर यायचा, तो म्हणजे 'हो'. चहा देऊ? हो. मग नको का? हो. माझं डोकं खाऊन झालं का? त्यालाही हो.

आता खरं सांगायचं, तर बोलत होते तेव्हाही मला फार काही कळत होतं असं नाही. भाजी चांगली झाली तर दुसरी भाकरी मागायची, आणि बिघडली तरी दुसरी भाकरी मागायची. नवं लुगडं नेसून समोर उभी राहिले तर 'पदर नीट घे, गाडी सुटेल' म्हणायचे. सावधान आणि विश्राम, या दोन्हीच्या मधली तिसरी अवस्था या माणसाला ठाऊकच नव्हती. वाईट कधी वागले नाहीत, हातही कधी उगारला नाही, पगार आणून माझ्या हातात द्यायचे. पण मी आवडते की नाही, हे चाळीस वर्षांत कळलं नाही, आणि विचारायची लाज वाटली. आता तर विचारायची सोयच उरली नव्हती. तेवढं एक मला फार टोचत होतं.

पाखरू, म्हणजे पाखरांचे आवाज काढणारं यंत्र, आमच्याकडे त्याच महिन्यात ऋतुजानं आणलं. ती पुण्यात नोकरी करते. तोवर हे यंत्र सगळीकडे झालं होतं. अभ्यासिकांत पोरं त्याच्याखाली बसून एमपीएससी करायची, बँकेत होतं, तहसील कचेरीतसुद्धा भिंतीवर लावलं होतं. साधे दिवस असले तर कचेरीत दोन-चार चिमण्या ऐकू यायच्या, आणि सर्व्हर बंद पडून रांग दारापर्यंत गेली की आख्खं जंगल उतरायचं. यातून काही बोध घ्यावा, एवढी अक्कल मला नव्हती. मी आपली 'आज बाई किती छान वाजतंय' म्हणत रांगेत उभी.

यंत्र बसवायला बारामतीहून आफरीन मुजावर नावाची इंजिनीअर मुलगी आली. गुणी पोरगी. भिंतीवर फरशीएवढी एक पांढरी पट्टी लावली, आणि चहा पिता पिता मला सगळं समजावून सांगितलं.

"काकू, रानात पाखरं गप्प कधी होतात?"

"वाघ आला की."

"वाघ, साप, शिकरा, काहीही. एकदा धोक्याची हाक दिली की सगळं चिडीचूप. आणि पाखरं निवांत बोलत असली की आसपास धोका नाही. माणूस लाखो वर्षं रानात राहिला. त्याच्या मेंदूत हे इतकं मुरलंय, की आजही पाखरांचा आवाज कानावर पडला की आपल्या नकळत शरीर पहारा सोडून देतं. नाडी उतरते, श्वास लांब होतो."

"मग मोबाइलवर लावलं तर? पैसे कशाला घालवायचे?"

"चार दिवस गुण येतो, काकू. मग मेंदू ओळखतो, की हे कालचंच आहे. पंख्याच्या आवाजाकडे आपलं लक्ष असतं का? तसं होतं. म्हणून हे यंत्र रेकॉर्ड वाजवत नाही, जागच्या जागी नवा आवाज रचतं. आणि या पट्टीतून अगदी सौम्य लहरी निघतात. समोरच्याची छाती श्वासानं हलते, ठोक्यागणिक कातडी केसभर थरथरते, ते याला दिसतं. सुरुवातीला सगळ्यांना चालतात ती पाखरं वाजवेल. हळूहळू सरांना कुठलं पाखरू मानवतं ते शिकेल. मग सरांच्या जिवाकडे बघून वाजेल."

एवढं सगळं ऐकून मी शेवटचं वाक्य तेवढं धरून ठेवलं. सरांच्या जिवाकडे बघून वाजेल. आता आमच्याकडे पाखराचा आवाज म्हणजे शकुन. कावळा ओरडला की पाहुणे येणार. भारद्वाज दिसला की कामं होणार. पाखरू गायला लागलं म्हणजे माणूस खूश, यात विचारायचं काय? आफरीनला मी काही विचारलं नाही. तिलाही वाटलं असेल, काकू मान हलवतायत म्हणजे कळलंय.

महिन्याभरात मला त्यातलं सगळं कळायला लागलं, म्हणजे असं मला वाटायला लागलं. होला, आपला तो कवडा, घुमला, चिमण्या बोलल्या, की सर बरे आहेत. बुलबुल आला की खुशीत आहेत. आणि दयाळ गायला लागला की काही विचारूच नका, स्वर्ग दोन बोटं उरला. त्या दयाळाची काय ती शीळ! उंच जायची, वळायची, मध्येच थांबून पुन्हा नवीन चाल धरायची. मी हातातलं काम टाकून ऐकत उभी राहायचे.

मग काय, दयाळ ज्याला गातो ते मी करायला लागले. शिरा भरवला की दयाळ गायचा, म्हणून रोज शिरा. शेजारच्या सुमनताईंचं भजनी मंडळ येऊन टाळ कुटायला लागलं की दयाळ आणि हळद्या दोघं मिळून गायचे, म्हणून दर गुरुवारी आमच्याकडे भजन. समोरच्या दूध डेअरीचा बजरंग हा सरांचा जुना विद्यार्थी, आता स्वतः पन्नाशीचा. तो येऊन सरांना शाळेतले मार खाल्ल्याचे किस्से सांगायचा आणि स्वतःच मांडी थोपटून हसायचा. तेव्हा तर घर दणाणून जायचं.

"काकी, सर लई खूश हायती माझ्यावर," बजरंग म्हणायचा. "शाळंत असताना एकदा बी न्हवते!"

गोष्ट गल्लीत पसरली. सर बोलत नाहीत, पण त्यांचं पाखरू खरं बोलतं. लोक मुद्दाम यायला लागले, आपण सरांना आवडतो का ते बघायला. एकदा तर सुमनताईंनी कहर केला. भाचीसाठी आलेलं स्थळ, तो नवरा मुलगा, त्याला सरांच्या समोर स्टुलावर आणून बसवला. पोरगा घामाघूम. पण दयाळ असा गायला की सुमनताईंनी तिथंच पेढा मागवला. लग्न झालं. सुखाचं चाललंय, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही काळजी करत बसाल.

सगळ्यांसाठी पाखरू गायचं. शिऱ्यासाठीसुद्धा गायचं. नाही गायचं ते फक्त माझ्यासाठी.

हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला, कारण मी घरातच असायचे. एकदा मंडईतून परत आले तर अंगणातूनच ऐकू आलं, आत बुलबुल, दयाळ, सगळी मैफल जमलेली. मला बरं वाटलं, म्हटलं एकटे असूनही मजेत आहेत. आत आले, पिशवी ठेवली, त्यांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून शेंगा सोलायला बसले. दयाळ थांबला. मग बुलबुल थांबला. चिमण्या एक-एक करून गेल्या. उरला तो होला, तोही एकदा घुमून गप्प झाला. घरात फक्त शेंगा मोडल्याचा आवाज. मांजर आल्यावर उडावीत तशी पाखरं उडून गेली होती, आणि ते मांजर मी होते.

मग मला नादच लागला. पेपर वाचून दाखवायला बसले की गप्प. डोक्याला तेल लावायला घेतलं की गप्प. एकदा नटून बसले, तरी चिमणीनं चकार शब्द काढला नाही. सुमनताईंनी पाणी दिलं तर बुलबुल, आणि मी दिलं तर काही नाही. रडू यायचं. आणि रागही यायचा. आंघोळ घालते मी, कूस बदलते मी, आणि गाणी बाकीच्यांना! पण कुणाला सांगणार? बोलत होते तेव्हा एक आशा होती, की मनात असेल, बोलून दाखवत नसतील. आता मन भिंतीवर वाजत होतं, आणि त्यात मी नव्हते.

ऋतुजाचा फोन आला आणि तिचा चेहरा भिंतीवरच्या पडद्यावर दिसला, की दयाळ सुरू व्हायचा. ती म्हणायची, "बघ आई, पप्पांना मी किती हवी असते." तिनं पुण्यात एक पुनर्वसन केंद्र बघितलं होतं. चोवीस तास नर्स, फिजिओ, बोलायला शिकवणारे, सगळं होतं. फक्त पेशंटनंच राहायचं, घरच्यांनी रविवारी भेटायला जायचं. दोन दिवस राहून बघायला म्हणून आम्ही सरांना घेऊन गेलो, बरोबर आमचं पाखरूही नेलं. पहिल्या दिवशी सकाळी खोलीत पाऊल टाकल्यापासून दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत दयाळ थांबला म्हणून नाही. ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, ऐकतेस ना? दोन वर्षांत कधी असं गायलं होतं?"

"नाही बाई," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

घरी आल्यावर मी सरांच्या शेजारी बसले. नेहमीसारखं सगळं गप्प झालं. मग मीच मनाशी ठरवलं. जिथं या माणसाला गाणं सुचतं, तिथं त्यानं राहावं. माझ्याजवळ ठेवून मी त्याला मुका कशाला करू? ऋतुजाला फोन करून सांगितलं, ने त्यांना. फोन ठेवला आणि मोरीत जाऊन, नळ सोडून भरपूर रडून घेतलं.

न्यायची गाडी दुपारी यायची होती, ती बिनड्रायव्हरची, खुर्चीसकट आत घेणारी. ऋतुजा केंद्रात थांबून खोली लावून घेत होती. सकाळी मी सरांच्या समोर त्यांची बॅग भरत होते. माळ्यावरचं स्वेटर काढायला स्टुलावर चढले. डोळ्यांत पाणी, त्यामुळे काठ दिसला नाही. स्टूल उलटलं आणि मी हात टेकून खाली आले. मनगटातून वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. डोळ्यांपुढे काळोख झाला, ओरडावं तर आवाजच फुटेना.

आणि पाखरू गायला लागलं.

तसं ते कधीच गायलं नव्हतं. दयाळ, हळद्या, बुलबुल, शिंजीर, तांबट, कोकीळ, जेवढी म्हणून पाखरं त्याच्या पोटात होती तेवढी सगळी एकदम. आख्खी खोली भरून गेली. मी फरशीवर पडून ऐकत होते, आणि खरं सांगते, हात मोडल्यापेक्षा ते जास्त लागलं. मनात आलं, अरे वा सर! मी पडले याचा एवढा आनंद? मग मात्र सांगायचंच यांना एकदा तोंडावर, म्हणून मी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. कपाळावर घाम, डोळे फाटलेले, त्यांतून पाणी घळाघळा गळ्यावर ओघळत होतं. डाव्या पायानं ते जमीन रेटत होते, खुर्चीचा ब्रेक लावलेला, तरी रेटत होते. जुन्या फरशीवरून खुर्ची खरडत खरडत इंच-इंच माझ्याकडे येत होती. तोंड उघडत होतं, मिटत होतं. आणि मग दोन वर्षांपूर्वी गेलेला तो आवाज आला.

"सावधान!"

खिडकीची काच थरथरली.

"सावधान! विश्राम! सावधान! दाहिने मुड! कदमताल!"

एकामागोमाग एक, सगळी कवायत. गल्ली दणाणली. समोर डेअरीत बजरंग कॅन धूत होता. तो आधी टाचा जुळवून ताठ उभा राहिला आणि मग धावत सुटला, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगतो. त्याच्यामागे आणखी चार-पाच जण आले, सगळे सरांच्या हाताखालून गेलेले. तोवर खुर्ची माझ्यापाशी पोचली होती. सरांनी वाकून डाव्या हातानं माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं, आणि बजरंगनं मला उचललं तरी ते सोडेनात.

पाखरं गातच होती. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

दवाखान्यातून, हात प्लॅस्टरमध्ये घालून घेतल्यावर, मी पहिला फोन आफरीनला केला. ऋतुजाला दुसरा.

"काकू, अहो, ते औषध आहे," आफरीन म्हणाली. "डोकं दुखत नसलं तर तुम्ही गोळी घेता का? जीव घाबरा झाला, नाडी चढली, की ते वाजतं. जितकं जास्त घाबरलेले, तितकं जास्त वाजतं. आणि सरांना दयाळ सगळ्यात जास्त मानवतो, म्हणून अगदी गरज पडली की दयाळ काढतं."

"आणि गप्प बसलं की?"

"गप्प बसलं म्हणजे माणूस शांत आहे. त्याला काही नकोय. तेव्हा उगाच वाजवलं तर सवय होईल आणि गुण जाईल, म्हणून ते आपणहून थांबतं." मग तिनं विचारलं, "का हो काकू? तुमच्याकडे फार गप्प असतं का?"

"माझ्याजवळ असतं," मी म्हटलं.

"एकदम बंद? होलासुद्धा नाही?"

"होलासुद्धा नाही."

"काकू, कामाला असताना पाखराशिवाय मला स्वतःला कधी असं शांत राहता येत नाही. तुमचं नशीब फार चांगलं आहे."

दवाखान्याच्या बाकावर बसून मी हसत होते की रडत होते, कुणास ठाऊक. नर्सनं येऊन विचारलं, मावशी फार दुखतंय का? मी म्हटलं, नाही गं बाळ, मुळीच नाही. पेपर वाचताना, शेंगा सोलताना, तेल लावताना, दोन वर्षं तो माणूस रोज मला सांगत होता, आणि मी बहिरी त्याच्यावर रुसून बसत होते. मग एकेक आठवायला लागलं. शिरा! गिळताना ठसका लागेल म्हणून भ्यायचे, आणि मी रोज वाटीभर कोंबत होते. ते टाळ! तो बजरंग आणि त्याच्या छड्या! बिचारे सर, दर गुरुवारी काय सोसलं असेल त्यांनी.

आणि तो आवाज कुठून आला, ते डॉक्टरांनी सांगितलं. नवं वाक्य जुळवायचा रस्ता खचलाय, पण वर्षानुवर्षं घोटून पाठ झालेलं असतं ना, अंक, आरत्या, शिव्या, ते मेंदूत दुसरीकडे असतं आणि जिवावर बेतलं की उसळून येतं. बोलायला शिकवताना तिथूनच सुरुवात करतात म्हणे. म्हणजे तीसेक वर्षांची ती कवायत वाया गेली नाही.

दवाखान्यातून घरी येऊन मी खाटेवर टेकले, तोच दुपारी ऋतुजा धावत आली. आली तशी माझ्या प्लॅस्टरकडे बघून म्हणाली, "आता तर प्रश्नच मिटला. दोघांत मिळून दोन डावे हात उरलेत तुमचे. पप्पांना आजच घेऊन जाते."

मी तिला सगळं सांगितलं. सांगताना जीव वरखाली होत होता, कारण यातलं एक तिला लागणार, हे मला माहीत होतं. ते तिच्या लगेच लक्षात आलं.

"म्हणजे मी फोन करायचे तेव्हा पप्पांना त्रास व्हायचा?"

सरांना घरी ठेवायचं तर खरं बोलायला हवं होतं, आणि खरं बोलून पोरीला दुखवायचंही नव्हतं. नशिबानं आफरीननं आणखी एक गोष्ट सांगितली होती, तीच मी तिला सांगितली. यंत्राला धडधड कळते, ती कशासाठी होतेय ते कळत नाही. घाबरूनही नाडी चढते आणि लेकीला बघूनही चढते.

"तुला बघून त्यांच्या छातीत हलतं गं. बोलायचं असतं, बोलता येत नाही. तू त्यांना असं बघावंस, हेही त्यांना सोसत नसेल. तो त्रास आहे की माया, हे भिंतीवरच्या पट्टीला काय कळणार?"

"मग केंद्रातलं दोन दिवसांचं? ते काय होतं?"

"ते मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. आपण दोघी भिंतीकडे कान लावून बसलो होतो, त्यांच्या तोंडाकडे बघितलंय कुणी?"

ऋतुजा उठली आणि सरांच्या समोर गुडघ्यांवर बसली. त्यांच्या तोंडाकडे नीट बघत, हळू, एकेक शब्द सुटा करून तिनं विचारलं, "पप्पा, पुण्याला जायचं? त्या खोलीत?"

सर 'हो' म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पण डाव्या हातानं त्यांनी माझ्या खाटेची कड पकडली होती, आणि बोटं पांढरी होईपर्यंत ती आवळली होती. ऋतुजानं ती बोटं बघितली. तिनं आपला गाल त्यांच्यावर टेकवला आणि म्हणाली, "बरं पप्पा. नाही जायचं."

पाखरू खूप वेळ गात होतं, मग हळूहळू ओसरलं.

पुढची सोय बजरंगनं लावली. "काकी, तुमी निस्तं सांगा," म्हणाला, "सरांनी आमाला येवडी वर्सं उठबश्या काढाय लावल्या, आता आमी त्यास्नी उठवू-बसवू." सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून घेतल्या. भजनी मंडळाला मी हात जोडून मारुतीच्या देवळात पाठवलं. ऋतुजानं ऑफिसला कळवून काही दिवस इथूनच काम करायचं ठरवलं. एवढी माणसं आपली आहेत, हे हात मोडला नसता तर मला कळलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाटेवर पडले होते. औषधाचा अंमल उतरला होता, हात ठणकत होता. सर खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाखराच्या समोर बसले होते. एकाएकी त्यांनी खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला. ऋतुजा लॅपटॉप सोडून आली.

"काय पाहिजे पप्पा? हे बंद करू?"

त्यांनी पट्टीकडे बोट केलं, मग माझ्याकडे. पुन्हा पट्टीकडे, पुन्हा माझ्याकडे. ऋतुजा आता त्यांच्या तोंडाकडे बघायला शिकली होती.

"आईकडे लावू?"

त्यांचा हात खाली आला आणि ते मागे टेकून बसले.

"मला कशाला?" मी म्हटलं. "मला काय धाड भरलीय? त्यांच्यासाठी आणलंय ते." पण बापलेकीपुढे माझं कोण ऐकतंय? ऋतुजानं पट्टी काढली आणि माझ्या खाटेसमोरच्या भिंतीवर लावली.

थोडा वेळ काही नाही. मग होला घुमला. मग चिमण्या, बुलबुल, आणि मग ती सगळी पाखरं गायला लागली, थांबेचनात. घराबाहेर ऐकू जाईल एवढी. ऋतुजा माझ्याकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "एवढं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मनगट दुखत होतं, ते होतंच. पण दोन वर्षं मला काय धाड भरलीय म्हणत जे जे दाबून ठेवलं होतं, ते सगळं भर दुपारी वाजत होतं. रात्री दचकून उठून यांचा श्वास चालू आहे ना ते बघणं, यांच्यानंतर आपलं काय ही भीती, चाळीस वर्षांची ती टोचणी, सगळं. मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मागे खुर्ची हलल्याचा आवाज आला. सर डाव्या पायानं जमीन रेटत येत होते. खुर्ची खाटेला धडकली. त्यांचा हात माझ्या प्लॅस्टरवरून चाचपडत पुढे आला आणि बाहेर राहिलेल्या बोटांवर थांबला.

बुलबुल थांबला. आणखी कुठलंसं पाखरू थांबलं. चिमण्या उडाल्या. शेवटी होला एकदा घुमला आणि तोही गप्प झाला. खोलीत आमच्या तिघांच्या श्वासाखेरीज काही उरलं नाही.

मी वळून सरांकडे बघितलं. ते भिंतीवरच्या त्या गप्प पट्टीकडे बघत होते, मग माझ्याकडे, आणि त्यांच्या तोंडावर केवढं तरी नवल होतं. एवढ्या वर्षांत त्यांनाही हे माहीत नव्हतं.